शिळं पाणी

मी नोकरीभर एसटी स्टँडावर चौकशीच्या खिडकीत बसले. निलंगा गाडी लागली का, भोकरला थेट जाते का, नायगावची शेवटची कधी, असं लोक विचारायचे आणि मी सांगायची. निवृत्त झाले तशी गंमत अशी झाली की आता मीच जगाला विचारत सुटले. हे असं का, ते तसं का, हा पाइप कुठून आला, तो कुठं जातो. आई म्हणते, "तुझ्या तोंडालाबी एक खिडकी पाहिजे होती, पाच वाजता बंद व्हणारी."

नोकरीची बरीच वर्षं मी नांदेडला होते. तिथं खोलीत नळ होता आणि नळाला पाणी होतं, त्यामुळं पाण्याबद्दल विचारण्यासारखं काही असतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. निवृत्तीनंतर लातूरला आईजवळ राहायला आले तेव्हा पहिल्या आठवड्यातच मी चक्रावले. आमच्या गल्लीत एकाही नळाला तोटी नव्हती. घरापुढं गुडघाभर खड्डा, खड्ड्यात जमिनीतून वर आलेला उघडा पाइप, आणि बस्स. मी एका शेजारणीला विचारलं, तोटी का बसवत नाही? ती माझ्याकडं अशी बघायला लागली की जणू मी गाडीला शिंगं का नाहीत असं विचारलं होतं. "बंद कवा करायचंय त्याला?" ती म्हणाली. आठ-दहा दिवसांनी एकदा पाणी येतं, आलं की शेवटचा थेंब येईपर्यंत भरायचं. बंद करायची वेळच येत नाही, तर तोटी हवी कशाला?

त्याहून नवल वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. पाणी सुटणार अशी खबर आली की सगळी गल्ली आधी घरातलं पाणी ओतून द्यायला बाहेर यायची. आठ दिवस ज्याला जपलं, ज्याच्यावरून सुनांना बोलणी बसली, पाहुण्याला अर्धाच तांब्या दिला, ते पाणी बायका घागरी-घागरीनं रस्त्यावर सोडायच्या. कुणी पायऱ्या धुवायचं, कुणी गाडी, कुणी नुसतंच नालीत. का, तर ते शिळं झालं. ताजं येतंय, भांडी रिकामी पाहिजेत. एकदा अशीच खबर आली, गल्ली ओतून मोकळी झाली, आणि पाणी आलंच नाही. वर कुठंतरी पाइप फुटला होता. चार दिवस सगळे एकमेकांच्या दारात तांब्या घेऊन फिरत होते. मला वाटलं, आता तरी ही खोड जाईल. छे! पुढच्या खेपेला पुन्हा तेच.

आमच्या घरात मात्र कुणी पाणी ओतत नसे. आई ओतू द्यायची नाही. त्याचं कारण कळायला मला थोडा वेळ लागला.

आमचं घर गल्लीच्या अगदी टोकाला, चढावर. मोठी लाइन खालच्या रस्त्यानं येते आणि गल्लीत वळून वर चढत आमच्या दारापाशी संपते. आईच्या नावावर नळ होता, घरापुढं खड्डा होता, खड्ड्यात पाइप होता. त्यातून पाणी मात्र येत नव्हतं. आई सांगायची, आधी येत होतं. मग गल्लीत एकेकानं नळाला मोटार लावली, तशी धार बारीक झाली. करंगळीएवढी, मग दोऱ्याएवढी, मग तीही गेली. सगळे म्हणायचे, चढ आहे, मोटारी आहेत, तुमच्यापर्यंत पाणी पोचायचं कसं? आम्ही मोटार लावली नव्हती. आईनं ते एका वाक्यात निकालात काढलं होतं: "दुसऱ्याच्या तोंडातलं वडून घ्यायचं न्हाई."

मग आम्ही जगत कशावर होतो? तर मामांच्या पाइपवर. मामा म्हणजे आमच्या खालच्या घरातले शेजारी. शेती नायगावकडं, नोकरी इथं केली, इथंच राहिले. आईला ते आक्का म्हणतात, म्हणून ते माझे मामा. त्यांचा हौद भरला की ते आपल्या मोटारीला लांब हिरवा पाइप जोडायचे आणि चढ चढून आमच्या दारात आणून द्यायचे. "आक्का, भरून घ्या." आमचा ड्रम भरायचा, रांजण भरायचा, घागरी भरायच्या. एकही पाळी त्यांनी चुकवली नाही. एकदा ताप होता तरी कानाला उपरणं बांधून पाइप ओढत आले. मी त्यांना देवमाणूस म्हणायची आणि आई नुसती मान हलवायची.

पाणी सुटायच्या दिवशी आई सकाळपासून उंबऱ्यात बसायची. खाली मोटारी घरघरायला लागल्या की तिची मान तिकडं वळायची, ती मामा येईपर्यंत तशीच. मला ते बघवायचं नाही. एकदा म्हटलं, "आत बस की, आले म्हणजे हाक मारतील." तर म्हणाली, "सवय हाय मला. ल्हानपणीबी असंच बसून ऱ्हायचो."

निलंग्याकडच्या तिच्या गावात विहीर एकच होती आणि आमच्या माणसांनी तिला हात लावायचा नव्हता. घागर कडेला ठेवायची, लांब उभं राहायचं, आणि कुणाला दया आली तर त्यानं वरून ओतायचं. "धर्म बदलला, गाव सोडलं, शिकून तू नोकरीला लागलीस, घर बांधलं, नळ घेतला. आन् बग, आताबी कुनीतरी वतायची वाट बगून राहिले." हे तिनं रागानं नाही, हसत सांगितलं. त्यानंतर मी तिला शिळं पाणी का ओतत नाहीस म्हणून विचारलं नाही. तिनं आपणहून सांगितलं, "दुसऱ्यानं दिलेलं पाणी वतून द्यायचं नसतं. आपलं असलं तर वतावं."

नांदेडहून धाकट्या भावाचा फोन दर रविवारी. इथं पाणी आहे, लिफ्ट आहे, डॉक्टर जवळ आहे, तिथं त्या चढावर काय ठेवलंय? आईचे गुडघे गेले होते आणि घागर उचलणं मलाही जड जायला लागलं होतं. शेवटी आईनं त्याला शब्द दिला. दिवाळीपर्यंत नळाला पाणी आलं तर इथंच राहीन, नाही आलं तर घर भाड्यानं देऊन येईन. शब्द दिल्यापासून ती रोज संध्याकाळी त्या खड्ड्यात डोकावून यायची. घर तिनं विटेवर वीट ठेवून बांधलेलं. ती गेली असती तर पुन्हा आली नसती, हे मलाही कळत होतं आणि तिलाही.

अशात बातमी आली की पाणीपट्टी वाढणार. नवीन उंच टाकी, नवीन पाइप, घराघराला मीटर, त्यासाठी पैसा हवा, म्हणून दरवाढ. कुणाची हरकत असेल तर सुनावणीला या.

गल्ली पेटली. कोपऱ्यावरच्या रिटायर गुरुजींच्या ओसरीवर मीटिंग भरली. गुरुजींना आवाज आहे आणि तो वापरायला त्यांना आवडतं. "आठ दिवसांतून एकदा पाणी, आन् दर वाढवा? आधी पाणी द्या, मग पैसे मागा!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी आपल्या खोडीप्रमाणं विचारलं, "पण गुरुजी, पाइप नवा झाल्याशिवाय पाणी कसं येणार? आणि पैसे नसले तर पाइप कसा नवा होणार?" गुरुजी म्हणाले, "ताई, तुम्ही त्यांच्या बाजूच्या का आमच्या?" मला खरंच माहीत नव्हतं. मला फक्त जाणून घ्यायचं होतं.

मग गुरुजींना एकदम सुचलं. "आक्कांना नेऊ! वर्षानुवर्षं पट्टी भरतेत आन् नळाला थेंब न्हाई. यापेक्षा मोठा पुरावा कोणता?" सगळ्यांना पटलं. फक्त मामा म्हणाले, "आक्काला कामून नेता गर्दीत? तकलीफ व्हईल त्यांना." मला वाटलं, किती काळजी या माणसाला! आई म्हणाली, "मी येते."

सुनावणीच्या हॉलमध्ये खुर्च्या कमी आणि माणसं जास्त होती. समोर टेबलावर इंजिनिअर बाईंनी जुन्या पाइपचा एक कापलेला तुकडा ठेवला होता. मी भाषणं सोडून आधी तो बघायला गेले. बाहेरून मनगटाहून जाड, आणि आत गंजाचे, क्षाराचे थर चढून चढून मधे जेमतेम दोन बोटांची वाट राहिलेली. मी बोटं घालून बघितली. आत कडक खडबडीत थर, जुन्या चुन्याच्या डबीत असतो तसा. आमच्या पायाखाली हे असं पसरलेलं असेल, आणि आपण वरून शिव्या देतोय, असं वाटून गेलं. तो तुकडा घरी न्यायला मिळेल का, विचारलं. बाई हसल्या, नाही म्हणाल्या.

लोकांनी भरपूर आरडाओरडा केला. मग गुरुजींनी आईला पुढं केलं. तिनं माइक दोन्ही हातांनी धरला.

"जयभीम. दर वाढवावा का न्हाई ते तुमी बगा, मला त्यातलं कळत न्हाई. पट्टी मी दरसाल भरते. पाणी न्हाई तर कामून भरते म्हणून माझ्या लेकानं इचारलं. म्हणलं, पट्टी भरते म्हणून नळ माझा हाय. भरायची सोडली तर पाणी मागायला तोंड ऱ्हाईल का? मला एकच सांगा. माझ्या खालच्या घराला पाणी येतंय. तितून माझ्या दारापोतर येताना ते जातंय कुटं?"

गुरुजींना वेगळं काहीतरी हवं होतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. इंजिनिअर बाई म्हणाल्या, "खरं सांगू का आजी? जमिनीखाली काय आहे ते आम्हालाही पुरतं माहीत नाही. किती जुने पाइप, कुठं कुठं जोड, कुणी काय केलंय. नव्या दरातून करायच्या कामात ते शोधणंही आहे. पण तुमच्यापुरतं मी येऊन बघते." मी मागून विचारलं, कसं बघणार? त्या म्हणाल्या, पाणी सोडायच्या वेळी तुमच्या गल्लीची वीज बंद ठेवू, म्हणजे मोटारी बंद राहतील. बिनमोटारीचं पाणी कुठपर्यंत चढतं ते कळेल.

मला रात्री झोप लागेना. एका शहाण्यासुरत्या बाईला या वयात नळाच्या पाण्यासाठी असं हुरहुरायला होतं, याचं माझं मलाच हसू येत होतं. आई मात्र गाढ झोपली होती.

तो दिवस आला. वीज गेली. गल्ली इतकी शांत मी पाणी सुटायच्या दिवशी कधी ऐकली नव्हती. बायकांनी नेहमीप्रमाणे आधी शिळं पाणी ओतलं, आणि सगळे आपापल्या खड्ड्यापाशी उभे राहिले. पाणी सगळ्यात खालच्या घरात आलं. मग त्याच्या वरच्या. मी पाण्याबरोबर चढत होते. प्रत्येक खड्ड्यात वाकून बघत होते. धार लहान होत होती, पण येत होती. गुरुजींच्या नळाला आलं. मामांच्या नळाला आलं, चांगलं अंगठ्याएवढं, बिनमोटारीचं. बघायला आलेल्या इंजिनिअर बाईंच्या कपाळावरची आठी गेली. "इथं इतकं आहे म्हणजे वर यायलाच पाहिजे," त्या म्हणाल्या.

आमच्या खड्ड्यात काही नव्हतं. आई उंबऱ्यात उभी होती.

मी खाली वाकून पाइपला कान लावला. पाणी यायच्या आधी पाइपातून हवा सुटते, फस्स असा आवाज होतो. खालच्या सगळ्या नळांना तो झाला होता. आमचा मुका होता. तोंडावर तळवा ठेवला, हवेची झुळूक नाही. मग मला आठवलं की खाली मोटारी सुरू असतानाही आमच्या नळानं कधी हवा आत ओढल्याचं मी ऐकलं नव्हतं. उघडा पाइप, खाली इतक्या मोटारी ओढतायत, आणि हा ढिम्म. असं कसं? मी बाईंना विचारलं. "म्हणजे हा मधेच कुठंतरी बंद आहे," त्या म्हणाल्या आणि सोबतच्या फिटरकडं वळल्या, "दारापुढं खणा."

त्यानं पायरीजवळ कुदळ मारली.

"तितं न्हाई," मामा म्हणाले. ते केव्हा चढून वर आले होते ते मला कळलंच नव्हतं. हिरवा पाइप सवयीनं हातात होता. "हिकडं. त्या फरशीखाली. बूच हाय."

"कुणी लावलं?" बाईंनी विचारलं.

"मी."

मग त्यांनी सांगितलं, सगळं, आईकडं न बघता. त्यांच्या मुलीचं लग्न होतं. घरात पाहुणे आणि मोटार पाणी ओढेना. नुसती हवा धरत होती. प्लंबरनं सांगितलं, वर शेवटचा नळ उघडा आहे, त्यातून हवा शिरते. तो बंद करा म्हणजे तुमच्याच काय, सगळ्या गल्लीच्या मोटारी ओढतील. आई तेव्हा नांदेडला माझ्याकडं आली होती. त्यांनी फरशी उचलून जोडात लोखंडी बूच मारलं. लग्न झालं की काढायचं होतं. "काडायला गेलो तर मोटार लई बेस चालून राहिली होती. सगळ्यायचीच. म्हणलं, आक्काला तसंबी दोऱ्याएवढंच येतंय, आपुन पाइपानं भरून देऊ. कमी पडू दिलं न्हाई कवा. इचारा त्यांना."

खरंच कमी पडू दिलं नव्हतं. तापातसुद्धा नाही. मला फार राग आला, आणि त्या रागातही माझं विचारणं थांबेना. मी विचारलं, "मामा, आमच्या नळाला एक तोटी बसवून मागितली असती तर? आईनं बंद ठेवली असती तुमच्या लग्नापुरती." मामा म्हणाले, "तोटी आक्काच्या हातात ऱ्हाती." बस, एवढंच. त्यात सगळं आलं. गुरुजी गल्लीत खाली मान घालून उभे होते. त्यांची मोटारही तेव्हापासून बेस चालत होती.

दरवाढीचं काय झालं ते इथंच सांगून टाकते. मागितली त्याहून थोडी कमी, पण झाली. आमच्या गल्लीची हरकत गुरुजींनी दिली होती, ती तशीच राहिली, पण तिच्या बाजूनं बोलायला कुणी गेलं नाही. आता गल्ली उकरून ठेवली आहे, नवे निळे पाइप कडेला पडलेत, आणि मी रोज जाऊन फिटरला भंडावते. मोटारी बंद झाल्यात असं नाही. मीटर बसल्यावर बघू म्हणतात. आईनं मात्र आमच्या नळाला गल्लीतली पहिली तोटी बसवून घेतली. आणि दिवाळीला ती नांदेडला गेली ती चार दिवस पाहुणी म्हणून.

त्या दिवशी फिटरनं फरशी उचलली, पाना लावला, आणि बूच निघालं. गंजून काळं पडलेलं, पेरूएवढं. जोड पुन्हा आवळल्यावर आमच्या नळातून आधी लांब सुस्कारा आला, मग लाल चिखलाची गुळणी, मग गढूळ, मग हळूहळू स्वच्छ धार. जाड नव्हती, पण कुणी न ओढता, कुणी न देता, चढ चढून आली होती. आई पायरी उतरली. खड्ड्याच्या कडेला बसून तिनं धारेखाली हात धरला. बराच वेळ नुसता हात धरून बसली. मी रडत होते, ती नव्हती.

मामा तिथंच उभे होते. "आक्का, चुकलं," ते म्हणाले. आईनं ऐकलं की नाही कळलं नाही. तिनं आधी एक घागर भरली आणि आत नेऊन ठेवली. मग बाहेर येऊन मला म्हणाली, "ड्रम आडवा कर."

ड्रम अर्धा भरलेला होता. मागच्या पाळीचं, मामांच्या पाइपचं पाणी. मी म्हटलं, "अगं, चांगलं आहे, वापरून टाकू की." ती म्हणाली, "शिळं झालंय ते." दोघींनी मिळून तो ड्रम पायरीच्या काठाशी आडवा केला. पाणी भसकन बाहेर पडलं, दारापुढून रस्त्यावर आलं आणि उतारानं खाली धावलं, सरळ मामांच्या दाराकडं. मामा मधेच उभे, हातात तो हिरवा पाइप.

"सरक भाऊ," आई म्हणाली. "पाय भिजतील."